काळी काच

कोल्हापूरच्या आमच्या शाळेच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात पुन्हा तेच सुरू झालं. ताराबाई पार्काच्या बाजूला कुठल्याशा हॉटेलात शनिवारी संध्याकाळी दोन पोरं गिटार घेऊन गातात, सोबत बिअर मिळते, आणि मुख्य म्हणजे पोरीही येऊन बसतात. झालं. 'ही करवीरनगरी आहे, इथं पब संस्कृती खपवून घेतली जाणार नाही,' असा लांबलचक मजकूर आला, खाली हात जोडलेले आणि मग लगेच मुठी आवळलेल्या. पहिला अंगठा कुणाचा, तर ज्याच्याबरोबर मी आयुष्यातली पहिली बिअर प्यालो त्याचा.

ती बिअर कुठं प्यालो हे त्याला आठवत असेलच. एसटी स्टँडच्या मागचा परमिट रूम. रस्त्याकडच्या खिडकीला काळी फिल्म, भर दुपारी आत ट्यूबलाईट, टेबलावर ओले शेंगदाणे, आणि दर वेळी दार उघडलं की आम्ही दोघं मान खाली घालणार. बिअरला एकवीस पूर्ण लागतात, आम्ही अठराचे. परवान्याचं तर बोलायलाच नको. १९४९ च्या कायद्यानं महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो, एका दिवसाचा पाच रुपयांत, जन्मभराचा हजारात. माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं बिनपरवाना घेतली आणि चाळीस वर्षं घरी येताना तोंडात बडीशेप धरली.

मी ग्रुपवर लिहिलं की मी राहतो त्या डब्लिनमध्ये पबात लोक आजीला घेऊन येतात. उत्तर आलं, 'तू तिकडचं सांगू नको. तिकडं थंडी असते.' तेव्हापासून डोकं फिरलंय. थंडीचा काय संबंध? आणि असला तर मग महाबळेश्वरला काय करायचं?

दारूबंदीसाठी आडव्या बाटलीला मत द्यायला उन्हात रांग लावणाऱ्या बायकांबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही. त्यांनी घरात मार खाल्लाय, संसार धुऊन निघालेला बघितलाय. त्यांचा राग खरा आहे. माझं भांडण अंगठेवाल्यांशी आहे. गणपतीत मिरजकर तिकटीपासून महाद्वार रोडपर्यंत डॉल्बीच्या भिंती लागतात, घरातली भांडी वाजतात, तेव्हा तीच आपली परंपरा. आणि एका पोरानं रात्री नऊ वाजता बंद खोलीत गिटार वाजवली की संस्कृती बुडाली. शाहू महाराजांचं नाव घेताय, तर त्यांच्या पदरी गवई अल्लादिया खाँसाहेब होते हेही सांगा. त्यांनी गाण्याला जागा दिली, नाटकाला १९१५ मध्ये पॅलेस थिएटर बांधून दिलं, शेजारी कुस्तीला खासबाग दिलं. पॅलेस थिएटरचं पुढं केशवराव भोसले नाट्यगृह झालं आणि ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. त्या रात्री मी इथं किचनमध्ये उभा राहून मोबाईलवर ज्वाळा बघत होतो. अंगठेवाला मित्र तेव्हा रडला होता, हेही लिहायला पाहिजे. माणूस वाईट नाही.

या सगळ्या वादात गप्प राहिला तो एकच. गोकुळ शिरगावला मशीनशॉप असलेला माझा दोस्त. तो एप्रिलमध्ये जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या प्रदर्शनाहून तीन दिवस माझ्याकडं आला होता. (आयर्लंड युरोपच्या सामायिक शेंगेन व्हिसात नाही, त्यामुळं वेगळा व्हिसा, वेगळी फी, आणि त्यावरून मला ऐकवलेल्या दोन वेगळ्या शिव्या.) शुक्रवारी व्हिकर स्ट्रीट नावाच्या सभागृहात एका बँडची तिकिटं काढली होती. त्याला म्हटलं, आधी दोन पब, मग गाणं, मग आणखी एक पब. तो म्हणाला, "म्हंजे मिसळ, भेळ आन् शेवटी दूध. चल."

पर्यटकांच्या टेंपल बारला त्याला नेलं नाही. तिथं आम्ही जात नाही. हे 'आम्ही' लिहिताना मला जरा बरं वाटतं, ते असो.

सुरुवात स्टॅग्ज हेडपासून. रंगीत काचा, जुनं लाकूड, आणि बारच्या डोक्यावर पेंढा भरलेलं सांबराएवढं शिंगाळं मुंडकं. दोस्तानं वर बघितलं आणि म्हणाला, "न्यू पॅलेसला हेच तिकीट काढून बघायला लागतंय." मग गिनेस बिअर सांगितली. बारमननं ग्लास पाऊण भरला आणि बाजूला ठेवून दुसऱ्याकडं वळला. याला वाटलं विसरला. मी सांगितलं, बसू दे, दोन मिनिटं लागतात, मग वरचं ओततात.

"दोन मिनटं फेसासाठी?"

"तेच तर आहे."

"मिरजकर तिकटीला म्हस उभी असत्या, धार काढली की फेसासकट पेला हातात. हितं फेस बसायची वाट बघायची. आन् सातशे रुपये." त्यानं युरोचा हिशेब आधीच केला होता.

मी त्याला उजेड दाखवत होतो. बघ, खिडकीला फिल्म नाही. बघ, कोपऱ्यात बाप पोराला घेऊन बसलाय, नऊला उठून जाईल. बघ, त्या दोघी बायका ऑफिसातनं थेट आल्यात आणि त्यांच्याकडं कुणी वळून बघत नाही. तो म्हणाला, "तू तेवढा बघालाईस."

पुढं ग्रोगन्स. टीव्ही नाही, गाणं नाही, नुसती माणसं बोलतात, आणि चीज घातलेलं भाजलेलं सँडविच मिळतं. तिथं राउंडवरून आमचं वाजलं. याला सगळं बिल एकट्यानं द्यायचं होतं, कोल्हापुरी इभ्रतीचा प्रश्न. मी समजावलं की इथं एकदा तू, एकदा मी. "मग ह्यात दोस्ती कुठं आली? ह्यो तर भिशीचा हप्ता झाला," म्हणाला. नऊ वर्षं मी राउंड पद्धतीचं कौतुक करत आलोय. त्या रात्री पहिल्यांदा मला ती भिशीसारखी दिसली.

गाण्याबद्दल फार लिहीत नाही, कारण ते गाणंच होतं आणि छान होतं. एवढंच सांगतो की शेवटच्या गाण्याला सगळं सभागृह आयरिश भाषेत गायला लागलं. मला एक शब्द येत नाही. दोस्तालाही येत नव्हता, पण त्यानं मांडीवर ठेका धरला तो बरोब्बर समेवर. अकराच्या आत सगळं संपलं, आम्ही थॉमस स्ट्रीटवर आलो तर बाहेर चिटपाखराला आतल्या गाण्याचा पत्ता नव्हता. मी लगेच मुद्दा मांडला: दहा वाजले की पोलीस बोलवायचे, की बाहेर आवाज जाणार नाही असं सभागृह बांधायचं? तो म्हणाला, "मुद्दा बरोबर हाय. पण तू आज सकाळपासनं मुद्देच मांडालाईस. जरा गप चाल."

उतारानं नदीकडं आलो, पूल ओलांडला, स्मिथफिल्ड. तिथला गाण्याबजावण्याचा पब, कॉबलस्टोन. २०२१ मध्ये तिथं हॉटेल बांधायचा घाट घातला होता, तेव्हा लोक वाद्यं वाजवत रस्त्यावर उतरले आणि नगरपालिकेनं परवानगी नाकारली. गाणं बंद करायला मोर्चा आणि गाणं राहावं म्हणून मोर्चा, यातला फरक मी ग्रुपवर तीनदा लिहिलाय. या लोकांचंही सोवळं काही कमी नव्हतं, हे मात्र मी सहसा लिहीत नाही. १९२७ पासून गुड फ्रायडेला इथले पब कायद्यानं बंद असायचे. मी नवा होतो तेव्हा आदल्या गुरुवारी संध्याकाळी टेस्कोच्या दुकानात बाटल्यांसाठी जी झुंबड बघितली, ती अगदी आपल्या ड्राय डेच्या आदल्या रात्रीची. तो कायदा २०१८ मध्ये गेला. हे एकदा ग्रुपवर लिहिलं, तर एकानं ताबडतोब हिशेब केला: 'म्हणजे एक्क्याण्णव वर्षं. आम्हाला पण तेवढी दे.'

कॉबलस्टोनमध्ये दारातून आत गेलं की खिडकीशी वादकांचं टेबल असतं. स्टेज नाही, माईक नाही. फिडल म्हणजे व्हायोलिन, बासरी, काखेत भाता दाबून वाजवायचे त्यांचे पाईप्स. एकजण सूर धरतो, बाकीचे सावकाश येऊन मिळतात. काहींची पाठ तुमच्याकडंच असते, तुमच्यासाठी ते वाजवतच नसतात. दोस्त दोन मिनिटं ऐकून म्हणाला, "आरं, हे तर भजनी मंडळ." मी ते इतक्या वर्षांत कुणाला धड समजावू शकलो नव्हतो.

मी दोन ग्लास घेऊन परत आलो तर हा जागेवर नाही. टेबलाच्या कडेला, फिडलवाल्या म्हाताऱ्याच्या शेजारी, अर्ध्या स्टुलावर. इंग्रजी कामापुरतं. म्हातारा आयुष्यभर फिटर होता, दोघं एकमेकांना हातावरचे जुने चट्टे दाखवत होते. यानं बोटांनी लेथचं चक दाखवलं, त्यानं मान डोलावली, आणि मग फिडल खाली ठेवून याच्यासाठी एक ग्लास मागवला.

मी दाराजवळच्या भिंतीला टेकून उभा होतो. माझी नेहमीचीच जागा आहे ती. 

बंद झाल्यावर बाहेर आलो तेव्हा लुआसच्या, म्हणजे इथल्या ट्रामच्या, स्टॉपवर चार-पाच पोरं आरडाओरडा करत होती, एक जण खांबाला धरून ओकत होता. मी दोस्ताचा दंड धरून रस्ता ओलांडला आणि टॅक्सी बोलावली. टॅक्सीत तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तू हितं महिन्यातनं दोनदा येतोस म्हणतोस. मग दाराजवळ का उभारतोस रं?"

मी काहीतरी गर्दीचं कारण सांगितलं. खरं कारण २०२५ च्या उन्हाळ्याचं आहे. इथं आपल्या माणसांवर हल्ले झाले, वकिलातीनं ओसाड जागी, अवेळी जाऊ नका म्हणून सूचना काढली, फीनिक्स पार्कातला इंडिया डेसुद्धा पुढं ढकलला. तेव्हापासून मी रात्री एकटा लुआस पकडत नाही. शुक्रवारी बाहेर पडलो की आधी दार कुठं आहे ते बघतो. हे आईला माहीत नाही, आणि ज्या ग्रुपवर मी 'इकडं रात्री बारालाही कुणी कुणाला विचारत नाही' असं ठणकावून लिहितो, त्या ग्रुपला तर अजिबात नाही. आणि सगळा दोष त्या उन्हाळ्यावर टाकणंही खरं नाही. त्याच्या आधीची वर्षंही मी भिंतीलाच होतो. त्या टेबलाकडं जायचं असतं हे मला सुचलंच नव्हतं, दोस्ताला ते आत शिरल्या शिरल्या सुचलं.

परवा ग्रुपवरची भांडणं टिपेला पोचली होती. गिटारवाल्यांविरुद्ध निवेदन द्यायचं, सह्या कोण कोण करणार, वगैरे. तेवढ्यात दोस्तानं पहिल्यांदा तोंड उघडलं. त्याचा मेसेज एवढाच: 'शनिवारी मी जाऊन बसतो. पोरगं कसं वाजवतंय बघून सांगतो. मग सह्या.'

ग्रुप अर्धा तास चिडीचूप. नंतर त्यानं मला एक स्क्रीनशॉट पाठवला. पहिल्या अंगठ्याच्या धन्यानं त्याला खाजगीत विचारलं होतं, 'किती वाजता जायालाईस? मागच्या बाजूनं वाट हाय काय?'