ग्राइंडरला दातेरी पान लावून बंबाचं सरपण तोडू नका

मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओंमधून एक सल्ला सर्रास दिला जातो: चार इंची ग्राइंडरला (लोखंड-फरशी कापायच्या हातमशीनला) लाकडाचं दातेरी पान लावा, गार्ड म्हणजे पानावरचं संरक्षक झाकण काढा, फांदी पायाखाली दाबा. बंबाचं किंवा छोट्या चुलीचं सरपण पाच मिनिटांत तयार, आणि कोयत्यापेक्षा सुरक्षित. यातला जवळपास प्रत्येक शब्द घातक आहे.

"पान बसतं, म्हणजे चालतं." भोक जुळतं, एवढंच खरं. हा ग्राइंडर मिनिटाला साधारण 11,000 फेरे घेतो. म्हणजे पानाच्या कडेचा वेग ताशी 200 किलोमीटरच्या घरात जातो. दात गाठीत रुतला किंवा चीर मिटून पान आवळलं, की ती सगळी ताकद मशीन उलटं फेकते. लाकडाच्या गोल करवतीला खाली सपाट बैठक असते, ती लाकडावर टेकून पान सरळ ठेवते. ग्राइंडर नुसता मनगटावर तोललेला असतो.

"गार्ड काढला की खोल कापतं." तरीही गिअरचं डोकं आड येतंच. चार इंची पान जेमतेम सव्वा इंच आत जातं. दोन इंची फांदी मग फिरवून दुसऱ्या बाजूने कापावी लागते, दोन्ही चिरा समोरासमोर येत नाहीत आणि नेमकं तिथे पान पिळतं. अंगठ्याएवढी काटकी तर कोयता एका घावात तोडतो. मग हे मशीन हवंय कशाला?

"फांदी पायाने दाबा." उसळलेलं पान मांडीवर, पोटावर किंवा तोंडावर येतं. सरकत्या बटणाचा ग्राइंडर हातातून सुटला तरी चालूच राहतो. बंद केल्यावरही पान काही सेकंद फिरत असतं.

"हातमोजे घातले की झालं." गॉगल हवाच. पण सैल मोजा फिरत्या दातांत सापडला की हात आत ओढला जातो.

"कोयत्यानेही बोटं तुटतात." हे मात्र खरं आहे, आणि यावर उपाय आहे. बोटं जातात ती ढलपी एका हाताने उभी धरून दुसऱ्या हाताने घाव घातल्यामुळे. त्याऐवजी ढलपी गुडघ्याखालच्या उंचीच्या, न डुगडुगणाऱ्या ओंडक्यावर उभी ठेवा. कोयत्याची धार तिच्या डोक्यावर टेकवून हलकेच ठोका, म्हणजे ती रुतेल. आता ढलपीवरचा हात काढून त्यात लाकडी मोगरी घ्या आणि कोयत्याच्या पाठीवर, ढलपीच्या बाहेर आलेल्या टोकाकडे, मारत जा. लोखंडी हातोडा नको. पोलादावर पोलाद आपटलं की कपची उडून डोळ्यात जाते. गाठ आली तर जोर वाढवू नका, ढलपी उलटी करून दुसऱ्या टोकाने फोडा. जाड लाकूड कुऱ्हाडीने फोडताना ते जुन्या टायरात उभं ठेवा, म्हणजे तुकडे पायावर येत नाहीत.

लांबी कमी करायला हातकरवत आणि घोडी पुरते. फुल्लीसारखे दोन पाय दीड-दोन फुटांवर जोडले की घोडी झाली. फांदी त्यावर दोरीने आवळा आणि काप पायांच्या बाहेर, लोंबत्या टोकाला घ्या. टोक खाली झुकतं तशी चीर उघडत जाते. दोन पायांच्या मध्ये कापलं तर फांदी पोटात वाकते, करवत आवळली जाते आणि मग लोक झटके देतात. बंबासाठी वीतभर लांब, दोन बोटं जाड तुकडे करा. लांब काटक्या नळीत आडव्या अडकतात, धूर परत येतो.

"ओलं कापायला सोपं, म्हणून ओलंच जाळा." पहिला अर्धा भाग बरोबर. ओली बाभूळ वाळलेल्यापेक्षा सहज कापली जाते. पण ओलं सरपण आधी स्वतःतलं पाणी उकळवतं, धुमसतं आणि नळीत काजळी धरतं. म्हणून कापणी-फोडणी हिवाळ्यातच उरका, ढलप्या विटांवर किंवा फळीवर, मधून वारा खेळेल अशा रचा आणि पावसाआधी छपराखाली घ्या. टोकांना भेगा पडल्या आणि दोन ढलप्या आपटल्यावर खणखणीत वाजल्या, की लाकूड जाळण्याजोगं झालं.