‘पोरांनी मास्क लावला तो दंडाच्या धाकाने’ म्हणे!

कोविडचा विषय निघाला की एक फॉरवर्ड हमखास येतो. ‘तरुणांनी नियम पाळले ते फक्त दंडाच्या धाकाने. ना स्वतःची पर्वा, ना दुसऱ्याची. सक्ती उठताच मास्क फेकले. पुढच्या साथीत सरळ दांडका काढा.’

आधी दंडाचं बघू. मुंबईत विनामास्क दंड 200 रुपये होता, पुण्यात 500. त्याने काय साधलं ते नाक्यानाक्यावर दिसायचं. लांबून खाकी दिसली की गाडीवरचा पोरगा हनुवटीवरचा मास्क नाकावर ओढणार आणि चौक ओलांडला की परत खाली. (काकालोकही तेच करत होते, पण ते असो.) दंडामुळे मास्क जवळ बाळगला गेला, एवढं श्रेय देऊ.

पण घरात पावती फाडायला कोण होतं? दोन खोल्यांत आजी-आजोबांसकट सहा माणसं. कामावरून आलेला मुलगा दारातून कुणाला हात न लावता थेट मोरीत जायचा, कपडे साबणाच्या पाण्यात टाकायचा आणि ताट घेऊन दाराशी एकटा जेवायला बसायचा. आजोबांच्या बीपीच्या गोळ्या आणायलाही तोच. तरुणांना धोका कमी, हे त्यालाही ठाऊक होतंच. तरी हे सगळं चाललं ते आपल्यामुळे आजीला काही व्हायला नको म्हणून. अमेरिकेत 2020 मध्ये 13 ते 18 वयाच्या मुलांना अंतर पाळण्याचं कारण विचारलं, तेव्हा सामाजिक जबाबदारी आणि ‘दुसरं कुणी आजारी पडू नये’ हीच उत्तरं सर्वाधिक आली. माणूस स्वतःबद्दल जरा बरंच सांगतो, हे धरूनही दुसऱ्याची पर्वा नव्हती हा आरोप टिकत नाही.

सक्ती उठताच मास्क गेले, हे खरं. राज्यातले निर्बंध 2 एप्रिल 2022 ला, गुढीपाडव्याला उठले. तोवर रुग्ण फारच कमी झाले होते, बहुतेकांची लस झाली होती. मास्क आजोबांनीही काढला. त्यांना कुणी बेफिकीर म्हटलं नाही.

सक्तीचा उपयोग झालाच नाही असं मी म्हणणार नाही. 15 ऑगस्ट 2021 पासून मुंबईची लोकल दोन डोस घेऊन 14 दिवस झालेल्यांना खुली झाली आणि राहिलेल्या कित्येकांनी दुसरा डोस उरकला. नियम धाब्यावर बसवून पार्ट्या करणारी पोरंही होती, हेही मान्य.

पण लोकलचा नियम यायच्या साडेतीन महिने आधी काय चाललं होतं? 28 एप्रिलला 18 ते 44 वयोगटाची लसीसाठीची नोंदणी उघडली आणि पहिल्याच दिवशी देशभरात सव्वा कोटीहून जास्त नावं नोंदली गेली. स्लॉट दिसतोय तोवर गायब. पोरांनी स्लॉटची खबर देणारे टेलिग्राम ग्रुप काढले, शहरातली मुलं तालुक्याच्या आरोग्य केंद्रांवर जाऊन थडकली, इतकी की गावकरी वैतागले. मग 12 मे रोजी साठा नाही म्हणून राज्याने याच वयोगटाचं लसीकरण थांबवलं. तिशीच्या आतल्यांसाठी ते सुरू झालं 22 जूनला. पोरं बाही वर करून उभी होती, तुटवडा लसीचा होता. आता दांडका नक्की कुणावर उगारायचा?