‘रेडिएशन टेस्ट’ नेमकी कोणाची करायची? एका फॉरवर्डला उत्तर

गेले काही दिवस नागपुरातल्या सोसायट्यांच्या, भिशीच्या आणि मॉर्निंग वॉकच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लांबलचक मजकूर फिरतो आहे. ‘नागपूरकरांनो, वेळीच जागे व्हा’ अशी त्याची सुरुवात. पुढचं सार असं: कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांतल्या कोळशाच्या राखेत युरेनियम आहे, एक्स-रे आणि सीटी स्कॅनचं रेडिएशन अंगात साठत जातं, शेक (म्हणजे रेडिएशनचा उपचार) घेतलेल्या कॅन्सरच्या पेशंटजवळ मुलांना जाऊ देऊ नका, आयोडिनच्या गोळ्या घरात ठेवा, रक्ताची ‘रेडिएशन टेस्ट’ करून घ्या, कारण अमेरिकेत सरकार प्रत्येकाची फुकट तपासणी करून वर पैसे देतं आणि आपल्याकडे काहीच नाही. खाली एका लॅबचं पॅकेज, सवलतीसह.

माझी सगळी नोकरी एक्स-रे विभागात गेली. निवृत्त झालो तरी शेजारपाजारचे फिल्म दाखवायला येतात, तसे आता हा मेसेज दाखवायला येतात. प्रत्येकाला जिन्यात उभं राहून सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकतो. एक गोष्ट आधी मान्य करतो. किरणोत्सर्गाला सामोऱ्या गेलेल्या माणसांची तपासणी व्हायला हवी आणि नंतरही त्यांच्याकडे कोणाचं तरी लक्ष राहायला हवं. माझं भांडण ‘कोणाची’ यावर आहे. मेसेज ज्यांना घाबरवतोय त्यांना या तपासणीची गरज नाही, आणि ज्यांना आहे त्यांचं त्यात नावही नाही.

राखेचं लवकर आटपतो. कोळशात युरेनियम आणि थोरियम अगदी थोडं असतंच, जसं ते माती-मुरुमात, विटेत असतं. कोळसा जळून गेला की ते राखेत राहतं, म्हणून राखेतलं प्रमाण कोळशापेक्षा काही पट जास्त भरतं. तरी ते साधारण खडक-मातीच्याच पंगतीतलं. 2022 च्या पावसाळ्यात खसाळ्याचा राखबंधारा फुटून शेतं आणि नाले राखेनं भरले, तेव्हाही शेतकऱ्यांचं नुकसान केलं ते गाळानं. राखेची बारीक धूळ छातीत जाते, दमा वाढवते. त्यासाठी जरूर भांडा. पण खापरखेड्यात खोकणाऱ्या आजोबांना छातीच्या डॉक्टरकडे न्यायचं सोडून रेडिएशनच्या पॅकेजकडे न्याल, तर त्यांचा आजार तिथेच राहील.

आता ‘अंगात साठतं’. एक्स-रेचं बटण सोडलं की किरण संपले. खोलीतही उरत नाहीत आणि माणसातही नाहीत. मेसेजमधलं अर्धं सत्य एवढंच, की पेशींना होणाऱ्या नुकसानीचा धोका प्रत्येक डोसबरोबर थोडा थोडा वाढतो असं धरून चाललं जातं. म्हणून प्रमाण कळायला हवं. मिलिसिव्हर्ट हे अंगाला मिळालेल्या किरणांचं माप. छातीचा एक एक्स-रे म्हणजे 0.1 मिलिसिव्हर्ट किंवा त्याहूनही कमी. पोटाचा सीटी म्हणजे 8 ते 10. आणि काहीही न करता, निव्वळ पृथ्वीवर राहिल्याबद्दल, जगातल्या सरासरी माणसाला वर्षाला 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतातच. केरळच्या करुनागप्पल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइटच्या, म्हणजे थोरियम असलेल्या खनिजाच्या वाळूमुळे ते याच्या कितीतरी पट आहेत. तिथल्या लोकांचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला, तरी त्या किरणांमुळे कॅन्सर वाढल्याचं त्यात दिसलं नाही.

सीटीच्या बाबतीत नागपुरात खरी उधळपट्टी होते ती वेगळ्याच कारणानं. गोंदियाहून, गडचिरोलीहून, पार छिंदवाडा-बैतूलहून माणूस मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलला येतो आणि जुनी फिल्म घरी खाटेखाली राहिलेली असते. मग तोच सीटी पुन्हा. फिल्म आणि रिपोर्ट पन्नीत गुंडाळून सोबत आणणं, एवढ्यानं जेवढं रेडिएशन वाचेल तेवढं कुठल्या ‘डिटॉक्स’नं वाचणार नाही.

कॅन्सरच्या पेशंटबद्दलचं वाक्य मात्र मला अंगाला लागतं. मानेवाडा रोडच्या तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलात मशीनखाली शेक घेऊन ऑटोनं घरी जाणाऱ्या बाईच्या अंगातून काहीही बाहेर पडत नसतं. नातवानं तिच्या मांडीवर बसावं, खुशाल बसावं. अपवाद आहे तो थायरॉइडसाठी किरणोत्सर्गी आयोडिन पाजलेल्या पेशंटचा. ते आयोडिन 8 दिवसांत निम्मं होतं. मोठा डोस असेल तर पेशंटला वेगळ्या खोलीत ठेवतात, आणि सुट्टी देताना किती दिवस लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून लांब राहायचं हे डॉक्टर लिहून देतात. तेवढं पाळलं की झालं. या एका मेसेजपायी कोणाच्या घरात आजीचं ताट वेगळं झालं असेल, तर तो मेसेज पुढे ढकलणाऱ्यानं थोडी लाज बाळगावी.

आयोडिनच्या गोळ्या फक्त एकाच प्रसंगी कामाच्या: अणुभट्टीच्या अपघातात किरणोत्सर्गी आयोडिन हवेत आलं आणि गोळी त्याच्या थोडी आधी किंवा लगेच नंतर घेतली तर. ती फक्त थायरॉइड वाचवते. एक्स-रेपुढे, किरणोत्सर्गी कोबाल्टपुढे, राखेपुढे तिचा काडीचा उपयोग नाही, आणि उगाच खाल्ली तर चांगला थायरॉइड बिघडू शकतो.

आता त्या ‘रेडिएशन टेस्ट’कडे येऊ, कारण पैसे तिथे जाताहेत. अशा पॅकेजमध्ये बहुधा साधा सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी असते, जोडीला थायरॉइड आणि लिव्हर. सीबीसीत किरणोत्सर्गाचा परिणाम दिसायला अंगावर थोड्या वेळात साधारण 1 ग्रे डोस (एक्स-रेच्या हिशेबात 1000 मिलिसिव्हर्ट) पडावा लागतो, म्हणजे छातीचे निदान दहा हजार एक्स-रे एकदम. तेव्हा पहिल्या दोन दिवसांत लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी भराभर उतरतात, आणि डॉक्टर पुन्हा पुन्हा रक्त काढून ती उतरण मोजतात. दिल्लीच्या मायापुरीत एप्रिल 2010 मध्ये हेच करावं लागलं. दिल्ली विद्यापीठातलं गॅमा सेल नावाचं जुनं यंत्र लिलावात भंगारात गेलं, कामगारांनी ते फोडलं, आतला कोबाल्ट-60 उघडा पडला. एकानं तर त्याचा तुकडा पाकिटात घालून फिरवला आणि पाकिटाखालची कातडी भाजली. त्या घटनेत एक माणूस दगावला. अशा माणसाला सीबीसी हवा, तो पुन्हा पुन्हा हवा, आणि पहिल्याच दिवसापासून हवा. दहा वर्षांपूर्वी दोन सीटी काढलेल्या काकूंच्या सीबीसीत जे सापडेल ते फार तर हिमोग्लोबिन कमी असल्याचं.

याहून बारीक मोजणारी एक तपासणी आहे. रक्तातल्या पेशींची गुणसूत्रं तुटून चुकीची जोडली गेली आहेत का, हे सूक्ष्मदर्शकाखाली शेकडो पेशी मोजून पाहतात. तीही साधारण 100 मिलिग्रेच्या खाली काही सांगत नाही, देशात मोजक्याच प्रयोगशाळांत होते, आणि तशी बिघडलेली गुणसूत्रं काळाबरोबर कमी होत जातात. पॅकेजवाल्याला तिच्याबद्दल विचारून बघा.

मोठ्या अपघातात पहिली चाळणी रक्तानं होतही नाही. ब्राझीलच्या गोयानियात 1987 मध्ये भंगारवाल्यांनी सिझियम-137 चं जुनं रेडिओथेरपी यंत्र फोडलं, तेव्हा लोकांना स्टेडियममध्ये रांगेनं उभं करून मीटर फिरवला गेला. सुमारे 1 लाख 12 हजार लोक तपासले, त्यातल्या 249 जणांच्या अंगावर किंवा अंगात सिझियम सापडलं. ज्यांच्या अंगात ते जास्त गेलं होतं त्यांना प्रशियन ब्लू, म्हणजे सिझियम शरीराबाहेर काढणारं औषध दिलं, आयोडिन नाही. मीटर हाती धरणारी माणसं शिकवायची सोय आपल्याच गावात आहे. सिव्हिल लाईन्समधलं राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय 1957 पासून आपत्तीचं शिक्षण देत आलं; पुढे ते राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या अकादमीत विलीन झालं.

‘पण तपासून घेतलं तर बिघडलं काय?’ हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. बिघडतं. फुकुशिमाच्या 2011 च्या अपघातानंतर तिथल्या सुमारे तीन लाख मुलांच्या थायरॉइडची सोनोग्राफी केली गेली. अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त कॅन्सर निघाले. नंतर संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीनं म्हटलं की हा आकडा किरणांपेक्षा अतिबारीक तपासणीनं वाढवला, कारण डोसच तेवढे नव्हते. थायरॉइडच्या अशा गाठी पुष्कळ लोक आयुष्यभर त्रास न होता बाळगतात. पण सापडली म्हटल्यावर ऑपरेशन होतं, गळ्यावर व्रण येतो, पुष्कळदा जन्मभराची गोळी मागे लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेच्या तज्ज्ञांनी 2018 मध्ये स्पष्ट सल्ला दिला: अणुअपघातानंतर सरसकट सगळ्यांच्या थायरॉइडची अशी तपासणी करू नका. ज्या मुलांना जास्त डोस मिळाला, त्यांच्यापुरतं आईबापांशी बोलून ठरवा.

‘अमेरिकेत प्रत्येकाला’ हे तर साफ खोटं. तिथला भरपाईचा कायदा 1990 चा. नेवाडात 1951 ते 1962 या काळात उघड्यावर अणुचाचण्या झाल्या, त्यांच्या वाऱ्याखाली राहिलेले लोक, चाचणीच्या जागेवर हजर असलेले, आणि युरेनियमच्या खाणीतले कामगार यांच्यासाठी तो केला. रक्कम ठरलेली: अनुक्रमे 50 हजार, 75 हजार आणि 1 लाख डॉलर. पण ती मिळायला कुठे, कोणत्या काळात राहिलात किंवा काम केलंत ते दाखवावं लागतं, आणि यादीतला आजारही असावा लागतो. 2000 च्या दुरुस्तीनं त्याला तपासणी केंद्रांची जोड मिळाली. तिथे छाती, फुप्फुसाची ताकद, लघवी, रक्त बघतातच, शिवाय दाव्याचे कागद जुळवायला मदत करतात. जून 2024 मध्ये त्या कायद्याची मुदत संपली आणि वर्षभर नवे दावे बंद राहिले. जुलै 2025 मध्ये तो पुन्हा आला, रक्कम 1 लाख डॉलर झाली. पहिला अणुस्फोट जिथे झाला त्या न्यू मेक्सिकोचे लोक त्यात यायला 1945 पासून जवळजवळ 80 वर्षं गेली.

त्या गोष्टीतलं आपल्या कामाचं एवढंच, की तिथे सगळा खेळ कागदाचा होता. तिथल्या नवाहो या आदिवासी जमातीच्या खाणकामगारांना रेडॉननं, म्हणजे युरेनियमच्या खाणीतल्या किरणोत्सर्गी वायूनं पोखरलं, पण त्यांच्या कित्येक विधवा अडल्या त्या लग्नाचा दाखला नाही, पगाराची नोंद नाही म्हणून.

हाच प्रकार नागपुरात होऊ शकतो, आणि ‘आपल्याकडे काहीच नाही’ याचं उत्तरही इथेच आहे. आपल्याकडे 1983 पासून अणुऊर्जा नियामक मंडळ आहे, 2004 चे किरणोत्सर्ग संरक्षणाचे नियम आहेत. किरणांत काम करणाऱ्याला पाच वर्षांची सरासरी धरून वर्षाला 20 मिलिसिव्हर्टची मर्यादा, कुठल्याही एका वर्षात 30 च्या वर नाही. नोकरीला लागताना वैद्यकीय तपासणी, पुढे निदान तीन वर्षांतून एकदा. छातीवर बॅज: ॲल्युमिनियमच्या पट्टीवर तीन गोल चकत्या, कागदात गुंडाळून प्लास्टिकच्या चौकटीत. तीन महिन्यांनी तो प्रयोगशाळेत जातो, चकत्या तापवतात, निघालेल्या उजेडावरून डोस कळतो.

एवढं सगळं असून माणसं सुटतात, आणि कशी सुटतात ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. कॅथलॅबमधली (जिथे एक्स-रे चालू ठेवून अँजिओग्राफी करतात) सिस्टर बॅज लॉकरमध्ये ठेवून आत जाते, कारण रीडिंग जास्त आलं तर चौकशीचा फॉर्म भरावा लागतो. कॅथलॅबमध्ये डोळ्याला मोतीबिंदू लवकर होतो हे सिद्ध झालेलं आहे, पण तिच्या कागदावर डोस शून्य. एका ठिकाणी कंट्रोल बॅज, म्हणजे जो किरणांपासून लांब ठेवायचा, तो एक्स-रे खोलीतच खिळ्याला टांगलेला असे. त्याचं रीडिंग सगळ्यांच्या बॅजमधून वजा होतं, मग सगळेच कागदोपत्री ठणठणीत. रडणाऱ्या पोराला धरायला नियमानं नातेवाईक हवा, लेड ॲप्रन घालून. पण ‘मामा, जरा धरा ना’ म्हणत रोज त्याच वॉर्डबॉयला पुढे करतात, आणि मामाच्या नावावर बॅजच नसतो.

सगळ्यात वाईट गत बाहेरच्या कामाची. बॉयलरच्या, पाइपलाइनच्या वेल्डिंगचे फोटो इरिडियम-192 या किरणोत्सर्गी धातूच्या कॅमेऱ्यानं रात्री काढतात. ऑपरेटरकडे बॅज असतो, दोर ओढायला आणि केबल गुंडाळायला आणलेल्या ठेकेदाराच्या पोट्ट्याकडे असेलच असं नाही. पेरूमध्ये यानांगोला 1999 मध्ये एका वेल्डरनं अशाच कॅमेऱ्यातून सुटून पडलेला सोर्स, म्हणजे इरिडियमचा तुकडा, उचलून मागच्या खिशात टाकला, त्याचा पाय कापावा लागला. तो चमकदार बारीक तुकडा काय आहे, हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं.

या माणसांना पॅकेज नको, नोंद हवी. आयनीकारक किरणांमुळे होणारे आजार आपल्या कामगार भरपाईच्या तरतुदींत (आता त्या सामाजिक सुरक्षा संहितेत आहेत) व्यावसायिक आजार म्हणून लिहिलेले आहेत. विमा कापला जात असेल तर सोमवारी पेठेतलं कामगार विमा रुग्णालय आहे. पण किरणांत काम केलं हे दाखवता आलं पाहिजे. बॅज नसेल तर निदान एका वहीत लिहून ठेवा: कोणतं काम, कोणत्या महिन्यात, ठेकेदार कोण, कॅमेरा चालवायला कोण होतं. आणि बॅज असेल, तर 2004 च्या नियमांनी मालकावर बंधन आहे: डोसची नोंद आणि तपासणीचा अहवाल कामगाराला दरवर्षी, त्यानं मागितल्यावर, आणि नोकरी सोडताना द्यायचा. साध्या कागदावर दोन ओळी लिहा, बॅज नंबर टाका, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.