समुद्रात पवनचक्क्या उभारताय? नकाशा कोरा असतानाच मच्छीमाराला बोलवा

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या दक्षिणेला ‘व्हाइनयार्ड विंड’ प्रकल्पाच्या ओळी आधी वायव्य-आग्नेय आखल्या होत्या. ऱ्होड आयलंडचे मच्छीमार म्हणाले, पूर्व-पश्चिम घ्या. हा हट्ट नव्हता. तिथे शेवंडीचे पिंजरेवाले आणि माकुलाचे ट्रॉलर लोरान या जुन्या रेडिओ-दिशादर्शन पद्धतीच्या रेषांवर पूर्व-पश्चिम पट्टे वाटून घेतात, तेही तोंडी. ओळी तिरक्या झाल्या की ट्रॉलर सरळ पिंजऱ्यांवर. प्रकल्पाच्या जागेचं लीज 2015 चं. पूर्व-पश्चिम आणि खांबाखांबात एक सागरी मैल, ही आखणी तिथल्या पाच कंपन्यांनी मान्य केली नोव्हेंबर 2019 मध्ये!

एक मैल कागदावर ऐसपैस दिसतो. पण 25 वाव (सुमारे 45 मीटर) पाण्यात ट्रॉलर साधारण तिप्पट वायर सोडतो, त्यामागे दोर आणि जाळं. बोट वळली म्हणून जाळं लगेच वळत नाही. आडवा प्रवाह असला तर ते बाजूला वाहतं. त्यात खांबांचे प्रतिध्वनी रडारवर खोटे ठिपके उमटवतात. केबल पुरताना हलवलेल्या धोंड्यांची नवी जागा तांडेलाच्या प्लॉटरवर (बोटीवरच्या नकाशाच्या पडद्यावर) आली नाही, तर जाळं फाटलंच म्हणून समजा.

मासेमारी कुठे चालते ते बहुधा एआयएसच्या, म्हणजे बोटीची जागा आपोआप प्रसारित करणाऱ्या यंत्रणेच्या, नोंदींवरून ठरवतात. तिथे एआयएस सक्तीचं आहे 65 फुटांच्या व त्याहून मोठ्या बोटींना. लहान बोटी नकाशात नाहीतच, आणि मग अहवालात लिहिलं जातं, ‘इथे मासेमारी तुरळक’. नुकसानभरपाई कबूल झाली, ऱ्होड आयलंडसाठी 42 लाख डॉलर आणि वर 125 लाखांचा ट्रस्ट. तरी 2023 मध्ये तिथल्या मच्छीमार सल्लागार मंडळाने सामूहिक राजीनामे दिले. पैसे देणं वेगळं, ऐकणं वेगळं.

आपल्याकडे जून 2024 मध्ये केंद्राने गुजरात आणि तमिळनाडूच्या समुद्रात प्रत्येकी 500 मेगावॉटसाठी मिळून 7,453 कोटींची योजना मंजूर केली. महाराष्ट्राचं नाव त्यात नाही, पण डोलवाल्यांनी, म्हणजे पिशवीसारखं डोल जाळं लावणाऱ्या मच्छीमारांनी, आत्ताच कान टवकारावेत. डोल खुंटाला बांधलेली, भरती-ओहोटीवर चालणारी; ती बाजूला घ्या म्हणणं म्हणजे ‘कव’, डोल लावायची ठरलेली जागाच, सोडा म्हणणं. एआयएसवर कव दिसत नाही. ती मच्छीमार सोसायटीत बसून, तांडेलांकडून जीपीएस बिंदू घेऊनच नकाशावर येईल. समुद्रतळाचं सर्वेक्षण पावसाळी मासेमारी बंदीत उरका, असं अधिकारी सहज म्हणतील. पण जून-जुलैच्या खवळलेल्या समुद्रात सोनार (ध्वनिलहरींनी तळ मोजणारं यंत्र) ओढता येत नाही. म्हणजे सर्वेक्षण हंगामातच येणार. कुठल्या आठवड्यात कुठला पट्टा बंद, हे सोसायट्यांशी आधी लेखी ठरवून घ्या.