खुलासा : √ दिसलं म्हणून बहुपदी बाद होत नाही

नववीच्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : "राशीत वर्गमूळ किंवा अपूर्णांक दिसला, की 'बहुपदी नाही' असं लिहा." हे अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात मुलांचे मार्क जातात.

नववीच्या गणित भाग १ मधलं 'बहुपदी' प्रकरण उघडा. राशी (क्ष² + ३क्ष + ५ अशी अक्षर-आकड्यांची मांडणी) बहुपदी ठरायला अट आहे ती फक्त चलाच्या, म्हणजे क्षसारख्या अक्षराच्या, घातांकावर (क्ष² मधला २) : तो ०, १, २, ३ अशी पूर्ण संख्या हवा. सहगुणक, म्हणजे क्षला गुणणारी संख्या, कोणतीही वास्तव संख्या चालते. म्हणून √२ क्ष + ५ ही बहुपदी. मूळ २ चं आहे, क्षचा घातांक १ च. √क्ष + ५ मात्र नाही, कारण √क्ष म्हणजे क्षचा घातांक १/२. तसंच क्ष/३ चालतं, ३/क्ष नाही. तिथे घातांक −१ होतो.

वर्गात मी मुळाच्या चिन्हाखाली बोट ठेवायला लावते : खाली आकडा आहे की क्ष? बहुतेकांचं तिथंच सुटतं. (नुसता ७ सुद्धा बहुपदीच, तिथे क्षचा घातांक ०; 'बहु' या शब्दावर जाऊ नका.)

ज्यांनी तो मेसेज पुढे पाठवलाय, त्यांनी कृपया डिलीट करून हा टाका.