धूर बघून गाडी काढणाऱ्यांसाठी

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. ओळखीतल्या एका काकांनी आपली जुनी डिझेल गाडी काढून टाकली. एकाच हातात फिरलेली, ऑइल वेळच्या वेळी बदललेली, पत्रा ठणठणीत. तक्रार एवढीच की चढाला काळा धूर मारते आणि पिकअप गेलाय. कुणीतरी बोनेटसुद्धा न उघडता निदान केलं, "टर्बो गेला, इंजिन कामाला आलं, आता हिच्यात पैसे घालू नका." काकांनी मिळेल त्या भावात दिली. घेणाऱ्याने टर्बोकडून (इंजिनात हवा कोंबणारा पंप) इंटरकूलरला (ती हवा थंड करणारी जाळी) जाणारा रबरी होज काढला, तर क्लिपला लागून खालच्या अंगाला बोटभर चीर. नवा होज, नवी क्लिप, झालं. आज तीच गाडी त्याच चढावरून मुकाट वर गेली, मागे धूर नाही.

ती चीर उभ्या उभ्या दिसत नाही, हे खरंय. आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, पाइपात दाब नसतो, त्यामुळे ती मिटून असते. ॲक्सिलरेटर दाबला की टर्बो हवा कोंबतो, चीर उघडते आणि हवा बाहेर निसटते. एअर फिल्टरपाशी बसलेल्या सेन्सरने मात्र ती आधीच मोजलेली असते, म्हणून ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) तेवढ्या हवेचं डिझेल सोडतो. सिलिंडरला हवा कमी, डिझेल पुरेपूर, मग काळा धूर येणारच. होजच्या बाहेरून तेलकट ओल आणि तिच्यावर धूळ चिकटलेली असेल, तिथे दोन्ही हातांनी पिळून बघायचं. एवढं करायला बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनरही लागत नाही हो!

काळ्या धुरासाठी टर्बो बदलायच्या आधी होज, एअर फिल्टर आणि उघडा अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) बघा. नंतर टर्बोच्या व्हेन (आतली हलती पाती) काजळीने जाम झाल्यात का ते. टर्बोचा शाफ्ट बोटाने किंचित आडवा हलतो म्हणून तो गेला असं सांगणारे महाभाग भेटतील. तेलाच्या थरावर तरंगणारा शाफ्ट आहे तो, थोडा हलणारच. पुढे-मागे हलला किंवा पंख्याची पाती घराला घासल्याची खूण असली, तरच टर्बो गेला म्हणा. निळा धूर म्हणजे तेल जळतंय, तो जास्त गंभीर. थंड इंजिनावर पांढरा धूर आणि थरथर, मिनिटभरात बंद, म्हणजे बहुधा ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू होताना आतून तापवणारा). गरम झाल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा आणि कूलंट कमी होतंय, तर हेड गॅस्केटकडे (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) वळा.

आता खरं इंजिन तपासायचं ते असं. इंजिन पूर्ण गरम, आयडलवर. ऑइल भरायचं झाकण सैल करून तोंडावर नुसतं उलटं ठेवा. थोडं नाचलं तर चालतं. फेकलं गेलं आणि मागून वाफेचे भपके येत राहिले, तर पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचे बोअर झिजलेत. त्यानंतर कंप्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते मोजणं. धडधाकट डिझेल इंजिनात बऱ्याचदा २५ ते ३० बारच्या आसपास दाब मिळतो, पण मी त्या आकड्यापेक्षा सिलिंडरांमधल्या फरकाकडे बघतो. चारही सारखेच थोडे उतरलेले असतील तर ते वय आहे, गाडी अजून पुष्कळ चालेल. तीन ठीक आणि एकच बराच खाली, म्हणजे तिथे व्हॉल्व्ह, रिंग किंवा गॅस्केट यांपैकी काहीतरी गेलंय.

कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल) असेल तर इंजेक्टरचं रिटर्न, म्हणजे त्यातून परत जाणारं जादा डिझेल, मोजा. चौघांच्या रिटर्न नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडून इंजिन काही मिनिटं आयडलला ठेवायचं. एका बाटलीत इतरांच्या दुप्पट डिझेल जमलं तर तो इंजेक्टर आतून झिजलाय, तेवढाच रिपेअरला द्या. सगळा सेट बदला म्हणणाऱ्याला आधी या बाटल्या दाखवा. (पिझो, म्हणजे विजेवर ताणणाऱ्या स्फटिकाने चालणारे इंजेक्टर असतील तर हा प्रयोग नको, त्यांतल्या बऱ्याच जणांना रिटर्नमध्ये ठरावीक दाब लागतो.) इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर आणि थंड इंजिनावर फुसफुस आवाज असेल तर तांब्याचा वॉशर गळतोय. वॉशर बदलताना बैठक कटरने साफ करून घ्या, नाहीतर नवा वॉशर पुन्हा गळणार.

यातलं काकांच्या गाडीवर काय केलं? काहीही नाही. धूर बघितला आणि सुतक जाहीर केलं.

पण आता लिहिता लिहिता राग जरा उतरला, तर एक कबूल करायला हवं. काकांचं हल्लीचं फिरणं म्हणजे दिवसाला दोन-तीन किलोमीटर. असं वापरलेलं डिझेल इंजिन कधी धड तापतच नाही. कूलंटचा काटा मध्यावर आला तरी ऑइल अजून कोमट असतं. ईजीआर आणि इनटेक (हवा आत नेणारी वाट) काजळीने भरतात, ऑइलमध्ये पाणी आणि डिझेल मुरतं. म्हणजे गाडी विकण्याचा निर्णय कदाचित बरोबरच होता. पण तो मेलेलं इंजिन समजून भंगाराच्या भावात नव्हे, चालती गाडी म्हणून व्हायला हवा होता!

डीपीएफवाल्या (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असलेल्या) गाडीला तर हे छोटं फिरणं जास्तच बाधतं. फिल्टरमधली काजळी जाळायला साधारण ६०० अंश सेल्सियस लागतात. त्यासाठी इंजिन जादा डिझेल मारतं, आणि तेवढ्यात तुम्ही घरी पोचून चावी काढता. असं वारंवार झालं की ते न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्याही वर गेलेलं दिसलं तर "वा, ऑइल खात नाही" म्हणून खूश होऊ नका. ते पातळ झालंय, बेअरिंग खाईल, लगेच बदला. शिवाय फिल्टरमधली राख, जी ऑइलमधल्या ॲडिटिव्हची असते, ती कितीही तापवलं तरी जळत नाही. म्हणून कमी राखेचं ऑइल, आणि राख भरली की फिल्टर काढून नीट साफ करणं किंवा बदलणं. तुमचं फिरणं रोज दोन-तीन किलोमीटरचंच राहणार असेल तर गाडी कितीही चांगली असो, काढा.

आणि तो फिल्टर फोडून आतून रिकामा करणारे जे आहेत ना, त्यांच्याबद्दल न बोललेलंच बरं. डीपीएफ शाबूत असलेल्या गाडीतून काळा धूर दिसतच नाही. दिसला तर फिल्टर फुटलाय किंवा फोडलाय. जुनी घ्यायला गेलात तर सायलेन्सरच्या टोकात बोट घालून बघा. फिल्टर धड असेल तर बोट जवळपास कोरडं-स्वच्छ येतं, काजळीने माखलं तर तिथूनच परत फिरा. हो, जुनं डिझेल हवा खराब करतं, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला कर्करोगकारक ठरवलंय, हेही मान्य. म्हणून तर म्हणतोय, ठेवायची तर धड ठेवा.

डोळे मिटून काढावी अशी गाडी कोणती? डिझेल फिल्टर कापल्यावर आत चंदेरी चमचमता भुगा दिसला, ती. हाय प्रेशर पंप आतून खाल्ला गेलाय आणि तो भुगा रेल, इंजेक्टर, नळ्या, टाकी, सगळीकडे पोचलाय. नुसता पंप बदलला तर नवा माल त्याच भुग्याने मरतो. दुसरी, जिचा पत्रा सस्पेन्शनच्या माउंटिंगपाशी आणि दारांखालच्या पट्टीत सडलाय. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका, टणक आवाजाऐवजी भुसभुशीत आला तर इंजिन कितीही गोड चालू दे, पाय काढता घ्या. इंजिन बांधता येतं, सडलेली चासी कोण बांधणार?

बाकीची मोठी कामं ही मरणाची लक्षणं नाहीत. क्लच दाबला-सोडला की खडखड बदलते, इंजिन बंद करताना धडाड हादरा बसतो, म्हणजे ड्युअल मास फ्लायव्हील (क्लचमागचं, हादरे शोषणारं दुहेरी चाक). त्यासाठी गिअरबॉक्स उतरणारच, तर क्लच सेट, स्लेव्ह सिलिंडर आणि क्रँकचं मागचं सील त्याच वेळी करून घ्या. टायमिंग बेल्ट कधी बदलला हे कागदावर नसेल तर तो बदललेलाच नाही असं धरा, सोबत टेन्शनर आणि वॉटर पंप. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, मग वाचवलेला खर्च कितीतरी पटीने भरायचा.

आणि कृपा करून रिपेअरचं बिल गाडीच्या आजच्या किमतीशी ताडू नका. सगळे तेच करतात. ताडायचं ते पुढची दोन-तीन वर्षं दुसरी गाडी चालवायला काय पडेल त्याच्याशी. तिची किंमत उतरणार, तिचा इतिहास तुम्हाला माहीत नाही, आणि तिचाही क्लच कधीतरी जाणारच आहे.

विकायचीच ठरली तर मोठं काम तोंडावर असताना, पण बिघाड व्हायच्या आधी विका, आणि काय येऊ घातलंय ते घेणाऱ्याला सांगा. विकायच्या आदल्या दिवशी कोड पुसून चेक इंजिनचा दिवा घालवणं ही हुशारी नाही. स्कॅनर लावणाऱ्याला कोड कधी पुसलेत ते बहुतेक गाड्यांत लगेच दिसतं.

इनबॉक्समध्ये धुराचे व्हिडिओ पाठवू नका, मोबाइलमध्ये निळा-पांढरा ओळखू येत नाही. धूर थंडीत येतो की गरम झाल्यावर, आयडलला की चढाला, आणि ऑइल-कूलंट किती कमी होतं, एवढं लिहा. मग बघतो.