वेणी इली काय गो?

सकाळपासून डोकं तापलंय. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका ताईंनी फोटो टाकलाय. बाल्कनीत पॉलिश केलेली फळी, तिच्यावर तांब्याच्या तारेने करकचून बांधलेली सीतेची वेणी, म्हणजे झाडावर वाढणारी आमरी (ऑर्किड). पांढऱ्या-जांभळ्या ठिपक्यांचा दीड वितीचा तुरा खाली लोंबतोय. वर ओळ: "आंबोली ट्रेकची गोड आठवण". खाली बदामांचा पाऊस.

आंबोलीहून आठवण म्हणून माणसं फोटो आणतात. फार तर पायाला चिकटलेली जळू आणतात. झाडावरून जिवंत आमरी ओरबाडून आणत नाहीत, हे तुम्हा लोकांना मी काय सांगायचं!

खरं म्हणजे एवढं चिडायचा मला हक्क नाही. पाचवीत असताना मे महिन्यात आजोळी, कुडाळजवळ, मी हेच केलंय. मागल्या दारी जुना रायवळ आंबा होता आणि त्याच्या पहिल्याच बेचक्यात वेणी फुलली होती. मामाची शिडी लावली, दोन्ही मुठींत जाडजूड पानं धरली आणि ओढलं. मुळ्या सुटतानाचा करकर आवाज अजून कानात आहे. सालीचे तुकडे सोबत आले. पडवीतून आजी ओरडली, "गो, तां काढू नको, तां थंयच बरां दिसतां!" तोवर ते माझ्या मांडीवर होतं.

डोंबिवलीला ग्रिलला नायलॉनच्या दोरीने बांधलं. आई रोज मगभर पाणी घालायची.

पुढच्या मे महिन्यात आजीचा फोन. "वेणी इली काय गो?"
मी म्हटलं, "हो, आली."
आली नव्हती.

ग्रुपवर एका काकांनी ज्ञान पाजळलंय की बांडगूळच ते, काढलं तर झाडाचं भलंच. अहो काका! बांडगूळ फांदीत मूळ खुपसून झाडाचा रस पितं. ही बिचारी नुसती बसायला जागा मागते. तिच्या मुळ्या बघा कधी जवळून, पेन्सिलीएवढ्या जाड, कोरड्या असताना राखाडी-पांढऱ्या. पावसाची सर आली की वरचा स्पंजासारखा थर पाणी पितो आणि बघता बघता त्या हिरव्या होतात. धुकं, दव, सालीच्या खाचेत साठलेला पाला, एवढ्यावर संसार.

आणि तो संसार थाटायला किती काळ जातो! बी पिठासारखं, वाऱ्यावर उडणारं. त्यात कोंबाला पुरेल एवढी शिदोरीसुद्धा नसते. सालीवर नेमकी हवी ती बुरशी भेटली तरच रुजणार, नाही तर गेलं. मग पहिला तुरा यायला आणखी कैक वर्षं. शिडी लावून ओढायला मला दोन मिनिटं लागली होती.

आसामात हीच कोपौ फूल. तिथलं राज्यफूल आहे, बिहू नाचताना मुली अंबाड्यात माळतात. म्हणजे तोडतात तेही, मान्य. पण तुरा खुडणं वेगळं आणि बिऱ्हाड मुळासकट उचलणं वेगळं.

रस्त्यासाठी झाड पाडलंच असेल आणि आडव्या पडलेल्या फांदीवरची आमरी कुणी उचलून दुसऱ्या झाडाला बांधली, तर माझं काही म्हणणं नाही. नर्सरीत वाढवलेलं रोप आणा, खुशाल आणा. पण त्या तायांना नर्सरीतलं नको असतं, "जंगलातलं" हवं असतं. बाल्कनीत जंगल कुठून आणणार? फळीला पॉलिश मारून?

असो. फार बोलले. माझ्या वेणीची पानं दुसऱ्या वर्षी सुरकुतायला लागली, पण हिरवी होती म्हणून आम्हाला ती जगतेय असंच वाटत राहिलं. तिसऱ्या वर्षी घर बदललं, तेव्हा भंगारासोबत गेली. आजी मात्र दर मे महिन्यात विचारायची आणि मी दरवेळी "हो, आली" म्हणायचे. एकदा तर "यंदा दोन तुरे आलेत" असंही सांगितलं. आजी खूश झाली. आंब्याच्या त्या बेचक्यात पुन्हा काही आलं नाही, हे मामा सांगतो. आजीने मला कधी सांगितलं नाही.

हे लिहितानाच त्या ताईंचा वेगळा मेसेज आला. "तुम्हाला झाडांतलं कळतं ना? पाणी किती घालू?" राग तिथेच निम्मा उतरला. वाईट नाहीत त्या. मी लिहिलं, मातीत लावू नका, दुपारचं ऊन नको, सकाळी मुळ्यांवर फवारा मारा. आणि जमलं तर पाऊस सुरू झाला की ज्या झाडावरून काढलंत त्याच झाडाला नेऊन सुती दोरीने बांधा. गाडी मी काढते, आपण दोघी जाऊ.

आत्ता उत्तर आलंय. "नक्की जाऊ!! पण झाड कुठलं होतं ते आठवत नाहीये."